पाडव्यापर्यंतचं घर

विठाबाईचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. कोल्हापूरच्या गंगावेशीत तिच्या म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला येणारा पैलवान कितीही नावाजलेला असो, आधी पैसे फळीवर ठेवायचे आणि मग पेल्याला हात लावायचा. पेंडीचं पोतं आलं की ती तळापर्यंत हात घालून बघायची. तागडी वर झाली की तागडीच्या खालीही बघायची, न जाणो कुणी मेण चिकटवलं असेल! आणि नवऱ्याला, केरबाला, उठता-बसता ऐकवायची, "जग लई चोर हाय अवो. तुमच्यासारख्या भोळ्या सांबाला कुनीबी टोपी घालंल." केरबा हसायचा आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा. त्याला भांडण जमत नव्हतं.

या सगळ्या चोरांच्या जगात एकच माणूस तिच्या लेखी सोन्याचा होता, जवळच्या कळंब्याला शेती करणारा धाकटा भाऊ पिराजी. आई गेली तेव्हा तो रांगत होता. विठाबाईनं त्याला कडेवर घेऊनच शेण काढलं, भाकरी थापल्या, आणि लग्न होऊन गंगावेशीत आली तेव्हा महिनाभर त्याच्यासाठी रडली. पिराजीचं नाव निघालं की या बाईचा आवाज खाली यायचा. एरवी तिचा आवाज पार पंचगंगेच्या घाटावर ऐकू जाई.

सत्तर साल. दिवाळी होऊन गेली होती. ज्या घरात ही दोघं वीस वर्षं भाड्यानं राहत होती, पुढं दोन खोल्या आणि मागं म्हशींचा गोठा, त्याचे मालक नृसिंहपंत एका सकाळी छत्री टेकत आले. म्हातारा सरळ माणूस. बसला आणि म्हणाला, "केरबा, मी आता पुण्याला लेकाकडे चाललो. त्यानं तिकडे जागा धरली आहे, तिचे पैसे भरायचेत. हे घर विकतोय. वीस वर्षं तू भाडं थकवलं नाहीस, म्हणून आधी तुला विचारतो. सात हजार. पण मार्गशीर्षाच्या आत हातात पडले पाहिजेत."

"आनि न्हाई पडलं तर?" विठाबाईनं विचारलं.

"दुसरं गिऱ्हाईक आहे. इथं लॉज बांधायचं म्हणतोय तो. आता लॉजमध्ये म्हशी कोण ठेवतं, तुम्हीच सांगा."

म्हातारा गेला आणि विठाबाई उंबऱ्यावर बसली. घर गेलं तर गोठा गेला. गोठा गेला तर म्हशी गेल्या, आणि म्हशी गेल्या तर ही दोघं कोल्हापुरात राहणार कशावर? गाठीला, बोरमाळ मोडून धरली तरी, दोन हजार होत होते. उरले पाच.

आता हे पाच नव्हतेच असं नाही. येणार होते, फक्त उशिरानं. बाप मेल्यावर कळंब्याच्या रानाच्या उताऱ्यावर पिराजीबरोबर विठाबाईचंही नाव लागलं होतं, नव्या कायद्यानं. पिराजी स्वतःहून म्हणाला होता, "अक्का, तुझा हिस्सा माझ्याकडं दे. मी तुला पाच हजार देतो. गुऱ्हाळ उरकलं, गूळ इकला, की पाडव्याच्या आत." म्हणजे पैसा पाडव्याला आणि घर मार्गशीर्षात. मधला एवढा खड्डा कुणीतरी बुजवायला हवा होता.

असले खड्डे बुजवणारा माणूस शाहूपुरीत होता. हंबीरराव, गुळाचा अडत्या. कुणाचं जुनं घर विकायला निघालंय आणि नवं आधी घ्यायचंय, कुणाचं उसाचं बिल यायचंय आणि प्लॉट हातचा चाललाय, असली माणसं त्याच्याकडं जायची. बँक कागद मागणार, साहेब रजेवर असणार, आणि बँकेनं हो म्हणेपर्यंत घर दुसऱ्याचं झालेलं असणार. हंबीरराव चार-सहा महिन्यांसाठी पैसे द्यायचा आणि त्याबदल्यात त्याच घराची मुदतखरेदी लिहून घ्यायचा. ठरल्या मुदतीत पैसे दिले तर घर तुमचं, नाही दिले तर त्याचं.

दोघं त्याच्या अडतीत गेली. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या, हमालांची आरडाओरड, आणि मधे गादीवर हा जाडजूड माणूस. त्यानं दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. विठाबाईनं तो आधी हुंगून बघितला, मग पदराला बांधला.

सगळं ऐकून घेऊन हंबीररावानं घराबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं ते एवढंच, "पैसा परत कुठनं येनार?"

"भावाकडनं. कळंब्यासनं," विठाबाई म्हणाली.

"त्येनं लिवून दिलंय?"

विठाबाई ताठ झाली. "भनीनं भावाकडनं लिवून घ्यायचं? आमच्यात न्हाई तसली रीत."

"रीत आमच्यातबी न्हाई. म्हनून तर इचारलं." हंबीररावानं मान हलवली. "बरं, ऱ्हाऊ द्या. असं करा. भावाचा गूळ माझ्या अडतीला घालाय सांगा. सौदा झाला की त्येच्या पट्टीतनं, म्हंजे इक्रीच्या हिशेबातनं, तुमचं पाच हजार मी परस्पर कापून घेतो, वरचं त्येच्या हातात. तेवढी चिठ्ठी त्येनं द्यावी. मग मला व्याज नको एक पैसा. गूळ आला की मला अडत सुटती, माझं त्यात भागतंय."

केरबाचा चेहरा उजळला. तो हो म्हणणार, तेवढ्यात विठाबाईनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो गप्पच झाला. "उद्या सांगतो," म्हणून ती त्याला उठवूनच घेऊन गेली.

रस्त्यात तिचा तोफखाना सुरू झाला. "बिनव्याजी म्हनं! सावकार आनि बिनव्याजी! मांजर म्हनतंय मी दुधाला शिवत न्हाई, आनि तुमी खुशाल चरवी उघडी टाकाय निघालाय!"

"अगं, पन त्येला अडत मिळतीय की."

"आनि माझ्या भावाचा गूळ त्येच्या हातात गेला की मग? पाचाच्या जागी सात कापंल, आठ कापंल. वर पिराला सांगंल, तुझ्या भनीच्या घरापायी कापलं. म्हंजे घरबी गिळनार, गूळबी गिळनार, आनि भावाभनीत इस्तू टाकून शेकत बसनार. मला काय खुळी समजलाय?"

 केरबाला ते खरं वाटलं नाही, पण भांडण नको म्हणून तो धारेच्या वेळेचं निमित्त करून झपाझप पुढं निघाला.

दुसऱ्या दिवशी विठाबाई आपल्या अटी घेऊन गेली. भावाला मधे घ्यायचं नाही. व्याज लावा, शेकडा दीड लावा, पण आत्ताच एकदा काय ते मोजा आणि मुदलात घाला, तेवढं आम्ही दुधातनं साठवू. आणि तारीख एकच. "पाडव्याच्या सांजपातुर पैसं. त्येच्याम्होरं एक दिस न्हाई आनि एक पैसा न्हाई. तुमी मुदत वाढवायची न्हाई, आमी मागायची न्हाई. मला ठावं हाय, मुदत वाढवून देतो म्हनायचं आनि व्याज चढवत न्यायचं, अशीच घरं खात्यात लोकं."

हंबीररावानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, तारीख इतकी आवळू नका. गुऱ्हाळाचा पैसा हाय त्यो. शेतकरी म्हनतो पाडवा, पैसा म्हनतो आखिती. मी सगळ्यांस्नी महिना-दोन महिनं पुढं-मागं देतोच."

"बघा!" विठाबाई केरबाकडं वळली. "दिलं न्हाईत तवर वाढवाय लागला!" आणि मग तिनं ते सांगितलं, जे ऐकून अडतीतले हमालसुद्धा थांबले. "बेलभंडार उचला. देवळात, साक्षीनं."

एवढ्या मोठ्या अडत्याला दूधवाल्या बाईनं बेलभंडार उचलायला लावायचं! शाहूपुरीत आजवर त्याच्या शब्दावर हजारोंचे सौदे झाले होते. हंबीररावाचं तोंड लाल झालं. वाटलं, आता दोघांना हाकलतो. पण तो उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाला, "चला. पन मी उचलतो ते तुमीबी उचलायचं."

घाटावरच्या महादेवाच्या देवळात, पिंडीवरचा बेल आणि भंडारा हातात घेऊन दोघांनी शपथ घेतली. पाडव्याची सांज, मागं-पुढं नाही. शेजारची बयाबाई साक्षीला होती. विठाबाईनं मुद्दाम तिलाच आणली होती, कारण बयाबाईनं एकदा बघितलेलं सगळ्या पेठेला पाठ होतं. मग कचेरीत एकाच दिवशी दोन कागद झाले. नृसिंहपंतांनी घर केरबाला विकलं आणि केरबानं ते हंबीररावाला मुदतखरेदीनं लिहून दिलं. संध्याकाळी विठाबाईनं स्वतःच्या घराचा उंबरा पहिल्यांदा स्वतःचा म्हणून सारवला आणि सारवता सारवता रडली.

दोन दिवसांनी पिराजी काकवीची घागर घेऊन आला. विठाबाईनं त्याला पहिलंच बजावलं, "त्या हंबीररावाच्या अडतीला एक रवा घालू नगंस. तुझ्या गुळावर डोळा हाय त्येचा."

"तू म्हनतीस तर न्हाई घालत, अक्का," पिराजी म्हणाला. किती गुणाचा! मग तो म्हणाला, "जरा कचेरीत चल. सोसायटीचं कर्ज काढायचं हाय, उताऱ्यावर माझं एकट्याचं नाव लागतंय. कर्ज मिळालं की गुऱ्हाळ जोरात, आनि तुझं पैसं येळेवर."

तिथल्या कारकुनानं अंगठा घ्यायच्या आधी विचारलं, "बाई, हक्क सोडताय, समजलं ना? काही देणं-घेणं ठरलंय का? ठरलं असेल तर आताच सांगा."

"भाऊ हाय माझा!" विठाबाई त्याच्यावर खेकसली. "तुमाला कशाला पायजेल मधी? चहापान्याला?"

कारकुनानं शाईची गादी पुढं सरकवली. पेंडीच्या पोत्यात तळापर्यंत हात घालणारी बाई, पण त्या कागदात काय आहे ते तिनं विचारलं नाही. अंगठा उठवला, पिराजीनं दिलेली भजी खाल्ली आणि त्याचा गाल कुरवाळून घरी आली.

आणि मग तिची राखण सुरू झाली. राखण कुणाची? हंबीररावाची. एका सकाळी तो गंगावेशीत दूध प्यायला आला. कोल्हापुरातला निम्मा गाव येतो, तसाच तोही आला. पेला रिकामा करून त्यानं घराकडं बघितलं आणि म्हणाला, "पावसाच्या आदी कौलं फिरवून घ्या, बाई. त्या कोपऱ्यात पानी धरंल."

झालं! तो गेल्यावर विठाबाईनं केरबाला गाठलं. "ऐकलंसा? आपलीच कौलं समजून बोलतोय!" पुढं एकदा तो एका गवंड्याबरोबर गल्लीतनं गेला, तर हिनं केरबाला मागावर पाठवलं. केरबा दोन तासांनी परत आला. गवंडी गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी संडासाचं काम बघायला आला होता, आणि हंबीररावानं केरबाला बघून चहा पाजला होता. "चहा पाजला?" विठाबाई म्हणाली. "म्हंजे काळं हायच!" त्यानंतर हंबीरराव दुधाला आला की ती त्याच्या पेल्यात निम्मा फेसच घालायची. तोही मुकाट्यानं फेस प्यायचा. त्याचं तेही तिला संशयाचंच वाटायचं.

शिमगा झाला. कळंब्याची गुऱ्हाळं थंडावली. बयाबाई बातमी घेऊन आली की पिराजीच्या गुळाला औंदा चांगला भाव आला, गूळ दुसऱ्याच कुठल्या अडतीला गेला आणि पट्टीही झाली. विठाबाईनं देवापुढं साखर ठेवली. "आता येईलच."

चार दिवस गेले, आठ गेले. पिराजी आला नाही. केरबा, जो कधी कुणावर संशय घेत नसे, तो जेवता जेवता म्हणाला, "मी जाऊन इचारू का?"

"खबरदार!" तिनं भाकरी आपटली. "माझ्या भावाच्या दारात वसुलीला जायचं न्हाई. अडचण असंल त्येची कायतरी." पण त्या दिवशी तिच्याकडनं चरवी लवंडली, आणि केरबानं ते बघितलं.

पाडवा तीन दिवसांवर आला तेव्हा ती स्वतःच निघाली. तळ्याच्या बाजूनं चालत रानात पोचली. विहिरीवर नवं कोरं इंजिन बसवलं होतं, अजून त्याच्यावर हळद-कुंकू ओलं होतं. पिराजी ते पुसत उभा होता. त्यानं तिला बघितलं, "अक्का!" म्हणाला, हात धरून घरात नेलं, पाट मांडला. भावजयीनं चहा आणला. विठाबाईनं चहा संपेपर्यंत वाट बघितली. तिला मागायची लाज वाटत होती. ज्या बाईनं पैलवानांकडनं पैसे आधी टेकवून घेतले, तिला!

"पिरा, पाडवा तीन दिसांवर आला," ती म्हणाली.

पिराजीनं बशी खाली ठेवली. "व्हय. म्या येनारच हुतो बोलाय. अक्का, पैशाचं तवा बोललो खरं. पन तू हक्क सोडलास न्हवं? हक्कसोड म्हंजे भनीनं मायेनं द्यायचं आसतंय. त्येचं पैसं घेतल्यालं कुनी ऐकलंय का? उद्या गाव तुलाच नावं ठेवंल. आनि मी काय तुला परकी करतोय व्हय? दर दिवाळीला लुगडं हाय, तुझं माहेर उघडं हाय."

"तू कबूल केलतंस, पिरा. माझं घर अडकलंय त्यात."

तो दारातनं दिसणाऱ्या इंजिनाकडं बघत राहिला. भावजय आतनं म्हणाली, "वन्सं, लिवून-बिवून काय हाय का?"

विठाबाई उठली. दारात येऊन तिनं एकदा मागं बघितलं. पिराजीच्या गालावर लहानपणी चुलीतला निखारा उडाला होता, त्याचा डाग होता. तो डाग अजून तिथंच होता. ती तळ्याच्या कडेनं परत चालत आली, आणि वाटेत तिला हंबीररावाचा तो पहिला प्रश्न आठवला. पैसा परत कुठनं येनार? त्या माणसानं बाकी काहीच विचारलं नव्हतं.

तीन दिवसांत केरबानं गल्लीभर हात पसरले. आठशे जमले.

पाडव्याला दारोदार गुढ्या उभ्या होत्या. विठाबाईनंही उभारली, आपल्या घरावरची पहिली. दिवस कलता हंबीरराव आला. घाई नाही, दमदाटी नाही. कट्ट्यावर बसला आणि गुढीकडं बघून त्यानं हात जोडले. बयाबाई शेजारच्या दारात येऊन उभी राहिली होती. साक्षीदार ती!

विठाबाई पुढं झाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की केरबानं दचकून बघितलं. "अन्ना, पैसं आलं न्हाईत. दोन महिनं मुदत द्या. व्याज काय म्हनाल ते लावा."

हंबीररावानं एकदा बयाबाईकडं बघितलं. मग म्हणाला, "बाई, दिली असती. देव साक्ष, सगळ्यांस्नी देतो. पन तुमी देवाच्या दारात मला काय उचलाय लावलं? एक दिस न्हाई, एक पैसा न्हाई. मी वाढवली तर मी खोटा. तुमी मागितली तर तुमी खोट्या. आता मी काय करू, तुमीच सांगा."

"गूळ तुमच्याकडं आला असता तर..." केरबा पुटपुटला.

"तर आज मी हितं दूध प्यायाला आलो असतो," हंबीरराव म्हणाला.

तो उठला. "घरातनं काढत न्हाई तुमास्नी. म्हशीबी असू द्यात. पंतास्नी जे भाडं देत हुतासा, तेच मला द्या. आनि कौलं मी फिरवून घेतो, पावसाच्या आदी." खाली बघून त्यानं वहाणा चढवल्या. विठाबाई त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. हा माणूस शपथेला घाबरला, की शपथेनं त्याचं आयतं फावलं? तिनं जन्मभर माणसांची तोंडं वाचली होती, आणि हे एक तोंड तिला काही केल्या वाचता येईना. सूर्य मावळला. गुढी उतरवायची होती. ती केरबानंच उतरवली.

त्या वर्षी भाऊबीजेला पिराजी आला. न येऊन कसं चालेल, लोक काय म्हणतील! नवं लुगडं, केळी, आणि दारातनंच हाक, "अक्का!" केरबा गोठ्यात निघून गेला.  विठाबाईनं पाट मांडला, भोवती रांगोळी ओढली, कुंकू लावलं, निरांजन पेटवलं आणि त्याला ओवाळलं. ओवाळलं, कारण भाऊ होता.

पिराजीनं खिशातनं दहाची नोट काढली आणि ताटाकडं नेली. विठाबाईनं ताट मागं घेतलं.

"थांब, पिरा."

ती दाराशी गेली आणि शेजारी हाक मारली. आवाज पूर्वीचाच, घाटापर्यंत जाणारा. "बयाबाई! जरा हिकडं या. माझा भाऊ मला पैसं देतोय. तुमी साक्षीला उभ्या ऱ्हावा."

पिराजीचा नोट धरलेला हात तसाच ताटावर राहिला. बयाबाई पदर खोचत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मग विठाबाईनं ताट पुढं केलं.

"हं," ती म्हणाली, "आता टाक."